धड आजारी नाही, धड बराही नाही

डॉक्टरांच्या पुस्तकात आजारांची शेकडो नावे असतील. पण ज्या घरात अडीच-तीन वर्षांचे मूल आहे, त्या घराला सर्वांत जास्त छळणारा आजार काही त्या पुस्तकात सापडत नाही. त्याचे नाव ‘धड आजारी नाही, धड बराही नाही’. नाक वाहते आहे, पण पोळी खाऊन झाली आहे. रात्री दोनदा खोकला झाला, पण आता स्वारी पलंगावरून उड्या मारते आहे. अंग किंचित कोमट लागते, पण ते पांघरुणामुळेही असेल. घड्याळात साडेसात झालेले असतात. आठला नर्सरीची रिक्षा येणार, सव्वाआठला आईची बस. आई बाळाच्या कपाळाला एकदा तळहात लावते, एकदा हाताची मागची बाजू लावते, आणि दाढी करीत असलेल्या नवऱ्याला विचारते, ‘अहो, आज पाठवायचं का याला?’ आरशातून उत्तर येते, ‘तूच बघ काय ते.’

संपले! न्यायाधीश ठरला, आणि निकालाला मुदत मिळाली पाच मिनिटांची.

दिवाळीची सुटी संपून नर्सऱ्या, बालवाड्या आणि पाळणाघरे पुन्हा भरू लागली, की हा खटला घरोघर उभा राहतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर सकाळचा गारठा आणि दुपारचे ऊन एकाच दिवसात भेटतात, त्यामुळे सर्दीला निमित्त लागत नाही. म्हणून भगिनींनो, यंदाच्या दिवाळी अंकात फराळाची चर्चा थोडी बाजूला ठेवून या खटल्याचाच विचार करू. बंधूंनीही पान उलटू नये; शेवटी त्यांच्याशीच काम आहे.

पहिली गोष्ट अशी की, साध्या सर्दीला घाबरून मूल घरी ठेवायचे म्हटले, तर ते नर्सरीत जायचेच नाही. पहिल्यांदाच दहा-वीस मुलांत मिसळू लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणे अगदी नेहमीचे आहे. एकेक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते, आणि खोकला तर तिच्या मागून दोन-तीन आठवडेही चालू राहतो. शिवाय नाक वाहू लागण्याच्या आदल्या दिवसापासूनच सर्दीची लागण होत असते. म्हणजे आपण विचार करीत बसतो तोवर बाळाने आपली सर्दी मित्रमंडळींत वाटूनही टाकलेली असते. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे रोग बळावला, हाही एक गैरसमजच. मूल हसतेखेळते आहे, खातेपिते आहे, ताप नाही आणि श्वास नेहमीसारखा आहे, तर रुमाल देऊन खुशाल पाठवावे.

आपल्याकडची बालशिक्षणाची चळवळ वाहत्या नाकापासूनच सुरू झाली असे म्हटले तरी चालेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गरीब आणि आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, आणि 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा ताराबाईंचा विचार. त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. तिथे अक्षरांच्या आधी आंघोळ होती, नखे कापणे होते, नाक पुसणे होते. ‘नाक वाहते, घरी जा’ असे त्या बायांनी म्हटले असते, तर अंगणात कोण उरले असते?

पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आज भामरागड-एटापल्लीच्या जंगलातील पाड्यावर तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे शिकवण्याबरोबर गरम जेवणही मिळते. तिथल्या आईपुढे हाच प्रश्न उभा राहिला, की त्याला आणखी एक बाजू असते: पोराला घरी ठेवले तर त्याचे ते जेवण बुडते, आणि शेतावरची किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामातली आईची मजुरीही बुडते. तेव्हा ‘बरे नाही ना, मग ठेवावे घरी’ हा आपला शहरी सल्ला सर्वांनाच परवडणारा नाही. शहरातही तो पाळणाघरात मूल ठेवून नोकरी करणाऱ्या बाईला परवडत नाही. फरक इतकाच, की आपण ते उघड बोलत नाही.

मग मूल थोडे आजारी की जास्त, हे ओळखायचे कसे? याचे एक फार सुंदर उत्तर गडचिरोलीनेच दिले आहे. 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 पासून तेथे ‘सर्च’ या संस्थेतर्फे काम करू लागले. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती आणि गावात डॉक्टर नव्हता. त्यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुइणींना मुलाचा श्वास मोजायला शिकवले. ज्यांना मोठे आकडे मोजण्याची सवय नव्हती, त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे साधन तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. श्वास ठराविक संख्येपेक्षा जास्त भरला की न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. या कामाचा अहवाल 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या 58 गावांत हे काम चालले, तिथे न्यूमोनिया झालेल्या दर शंभर मुलांत एकही पुरते दगावले नाही, म्हणजे प्रमाण 0.8 टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या 44 गावांत ते 13.5 टक्के होते.

जंगलातल्या निरक्षर सुईणीला जे जमले, ते आपल्या दिवाणखान्यात, भिंतीवर घड्याळ असताना, आपल्याला का जमू नये? मूल शांत असताना किंवा झोपेत असताना अंगातला सदरा वर करावा, पोट-छातीची हालचाल पाहावी आणि पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा अधिक भरला, तर नर्सरीचा प्रश्न तिथेच मिटला, डॉक्टरांकडे जायचे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काही पीत नसेल, मलूल पडले असेल किंवा झटका आला असेल, तर मोजतही बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

आता तापाविषयी. तळहात हा काही थर्मामीटर नव्हे. भांडी घासून आलेल्या हाताला प्रत्येक कपाळ गरम लागते आणि चुलीजवळच्या हाताला प्रत्येक कपाळ गार. घरात थर्मामीटर असावा आणि ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर मूल घरी ठेवावे. औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, म्हणजेच ताप गेला असे धरावे. सकाळी तापाचे औषध पाजून मूल रवाना करायचे ही युक्ती बऱ्याच घरांत चालते. बाराच्या सुमारास औषधाचा अंमल उतरतो, मूल तापाने फणफणते, आणि बाईंचा फोन येतो. त्यात मुलाचे हाल होतात, बाईंची धावपळ होते आणि आईची रजा टळायची ती टळत नाहीच.

त्यातही आमच्या भागातला ताप हा निराळा विषय आहे. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा फार मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा असतो. तेव्हा इथे, किंवा इकडून चार दिवस राहून परत गेल्यावर, मुलाला ताप आला तर ‘सर्दीचाच असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रक्त तपासावे. बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत निदान होते आणि गावातल्या आशाताईकडेही ती तपासणी होते. मलेरिया एका मुलापासून दुसऱ्याला शेजारी बसून लागत नाही, तो डासामार्फतच जातो; पण उशीर झाला तर तो जिवावर बेततो. दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भात, विशेषतः आमच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, हा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. ज्या मुलाला सिकलसेल आहे, त्याचा ताप कधीच किरकोळ मानू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे, आणि मुलाला हा आजार आहे हे नर्सरीतही आधीच सांगून ठेवावे. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

बाकीचे नियम थोडक्यात. उलट्या किंवा हगवण असेल, तर ती थांबल्यावर निदान एक दिवस, जमल्यास दोन दिवस घरी. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. गोवर असेल तर पुरळ दिसल्यापासून चार दिवस घरी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक लांबला आणि सोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर तपासणी केल्यावाचून राहू नये. आणि एक लक्षात असू द्या: आपल्या मुलाची साधी सर्दी त्याच्या मित्राच्या घरी गेली आणि तिथे पाळण्यात महिन्याभराचे बाळ असले, तर त्याला ती साधी राहीलच असे नाही. आपल्या घरी तान्हे बाळ असताना दुसऱ्यांनी जसे वागावे असे वाटते, तसेच आपणही वागावे.

मूल लवकर शाळेत जावे म्हणून त्याला घाईने औषध पाजण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक चिमुकली मुले दगावली. त्यांतली अनेक उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. त्या आईबापांनी काय वाईट चिंतले होते? पोराचा खोकला थांबावा एवढेच ना! त्याआधीच, 2023 मध्ये, सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्र औषधाच्या बाटलीवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ अशी सूचना छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी दिला होता. सर्दी औषधाने लवकर बरी होत नाही. कोमट पाणी, वरणाचे गरम पाणी, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला चमचाभर मध, एवढे पुष्कळ झाले. मागच्या खेपेची उरलेली बाटली आणि शेजारणीच्या मुलाची चिठ्ठी, ही दोन्ही कपाटातून बाहेर काढू नयेत.

हे सगळे नियम पाठ झाले तरी सकाळी साडेसातची पंचाईत संपत नाही, हे मला ठाऊक आहे. कारण थर्मामीटरने 101 दाखवल्यावर पुढचा प्रश्न उरतोच: घरी राहायचे कोणी? इथे बंधूंनी जरा सरसावून बसावे. आपल्या राज्य सरकारने 2018 च्या जुलैमध्ये महिला कर्मचाऱ्यांना एकूण 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ही फार चांगली गोष्ट झाली. पुरुष कर्मचाऱ्यालाही ती दिली. पण कधी, तर पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. म्हणजे आई चालतीफिरती आहे तोवर मुलाचा ताप हे तिचेच खाते, असे सरकारी कागदानेही धरून चालले. घराने तरी तसे धरू नये. किरकोळ रजा सगळ्यांनाच असते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आणि क्रिकेटच्या सामन्यासाठी ती निघते. मग मुलाच्या तापासाठी का निघू नये?

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो आदल्या रात्री करायचा. संध्याकाळीच नाक वाहू लागले असेल, तर जेवणे झाल्यावर दोघांनी बसून ठरवावे: उद्या सकाळी ताप निघाला तर राहायचे कोणी, अर्धा दिवस कोणी, दुपारचा अर्धा कोणी. आजी-आजोबा असतील तर त्यांनाही विचारावे, गृहीत धरू नये. सत्तरीच्या आजीला नातवाची सर्दी नातवापेक्षा महाग पडते. नर्सरीच्या बाईंशीही खरे बोलावे. ‘रात्री खोकला होता, ताप नाही, काही वाटले तर फोन करा, याचे बाबा येतील’ एवढे सांगितले, की त्या मुलावर जास्त लक्ष ठेवतात. फोन नंबर दोघांचेही द्यावेत आणि कधीमधी वडिलांचा वर लिहावा.

आमच्याकडच्या गावातली जुनी बाई घाबरलेल्या तरुण आईला म्हणते, ‘पोट्टं खेळते ना बाई, मग काहून भेता?’ तिचा पहिला प्रश्न अगदी बरोबर आहे: मूल खेळते का? त्यानंतर ते खाते-पिते का, ताप किती आणि श्वास किती, एवढे तीन प्रश्न आपण जोडावेत, आणि उत्तरे घरातल्या दोघांनी मिळून द्यावीत. यंदाच्या पाडव्याला ओवाळणीत काय घालावे असा विचार करीत असलेल्या बंधूंना एक सुचवून ठेवते: साडीबरोबर एक थर्मामीटर आणा, आणि तो लावायला शिका.

सर्व वाचकांना आणि त्यांच्या वाहत्या नाकाच्या चिमण्यांना ही दिवाळी सुखाची जावो.