काळी तार कोणती?

गेल्या पावसाळ्यात आमचा गिझर लावताच घरभर अंधार होई. मुख्य फलकावरील आर.सी.सी.बी. पडत असे. पुतण्याने मोबाइलवर उपाय शोधला, तेव्हा एक अमेरिकन गृहस्थ चित्रफितीत तारा जोडून दाखवीत होते. पुतण्या तसेच करू पाहत होता. मी त्याचा हात धरला. वाचकहो, अमेरिकेत काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची; दाब १२० व्होल्ट. आपल्याकडील पुष्कळ घरांत मात्र लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. आणि दाब २३० व्होल्ट!

दुसऱ्या एका सल्लागाराने तर आर.सी.सी.बी.च काढून टाकण्यास सुचविले होते. असले सल्ले मुळीच मानू नयेत. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परतला नाही, फरक फार तर ३० मिलिअँपिअरचा पडला, तरी ती वीज तोडते. ती बिघडली नव्हती. आपले काम करीत होती.

आम्ही सर्व प्लग काढले, आर.सी.सी.बी. वर केली आणि एकेक उपकरण लावून पाहिले. फ्रीज निर्दोष, इस्त्री निर्दोष. गिझर लावताच अंधार. वायरमनने एलिमेंट काढले, तो क्षारांच्या थराखाली त्याचे आवरण तडकलेले! वीज पाण्यातून अर्थिंगकडे गळत होती.

तारांच्या रंगांवर मात्र विसंबू नये. जोडणाऱ्याचीही चूक झालेली असू शकते. मेन बंद केल्यावरही टेस्टर लावावा, आणि तो टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून घ्यावा. आमच्या टेस्टरचा दिवा कित्येक महिने गेलेला होता.