कापण्याआधीचे मोजमाप

कारखान्यातून बसवून आलेल्या फेंडरची कड कापून मोठ्या टायरसाठी जागा करणे हा खडकाळ वाटांवर चालणाऱ्या गाड्यांमधला सर्वांत स्वस्त बदल समजला जातो, आणि केवळ साहित्याचा हिशेब मांडला तर तो समज खराही आहे, कारण मास्किंग टेप, जिगसॉ किंवा कटिंग व्हील, कानस आणि रंगाचा एक डबा एवढ्यावर काम भागते. मात्र या कामातला खरा खर्च कापण्याआधीच्या मोजमापात आणि कापल्यानंतर उघड्या पडलेल्या कडेच्या निगेत दडलेला असतो, आणि ग्राहकाला सांगितलेल्या दरात या दोन्हींना जागा नसेल तर ते काम अर्धवटच राहते, मग कापलेली रेषा दिसायला कितीही सुबक असो.

फेंडर म्हणजे चाकावरचा, बोलीत मडगार्ड म्हटला जाणारा भाग. फ्लेअर म्हणजे त्याच्या कडेवरून बाहेर आलेली, बहुधा प्लास्टिकची रुंद पट्टी. जीप रँग्लरच्या जेके पिढीत, म्हणजे २००७ ते २०१८ या काळातल्या गाड्यांत, ही पट्टी जाड प्लास्टिकची असून ती क्लिपा आणि बोल्टांनी बसवलेली असते, आणि अमेरिकेत फेंडर कापण्याची पद्धत या गाडीवर इतकी रुळली त्याचे मुख्य कारण हेच आहे: चूक झाली तर दुसरी पट्टी आणून बसवता येते, पत्र्याला धक्का लागत नाही. जेकेच्या रुबिकॉन प्रकारात २५५/७५ आर १७ मापाचा, म्हणजे सुमारे ३२ इंच उंचीचा टायर येतो. त्याजागी ३५ इंचांचा टायर घातला की धुरा दीड इंच वर उचलला जातो, परंतु तेवढाच दीड इंच चाकाच्या कमानीतल्या मोकळ्या जागेतून सगळ्या बाजूंनी कमी होतो.

या अडचणीवर गाडी उंच करणे, म्हणजे लांब स्प्रिंग घालून लिफ्ट करणे, हा उपाय सर्रास सुचवला जातो आणि इथेच एक मूलभूत गैरसमज आहे. लिफ्टमुळे सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीत टायर आणि फेंडर यांतले अंतर वाढते. पण खड्ड्यात चाक पूर्ण वर दबले असताना धुरा कुठे थांबतो हे स्प्रिंगची लांबी ठरवत नाही, ते बंप स्टॉप, म्हणजे धुऱ्याची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा, ठरवतो. ठोकळा तोच राहिला तर टायर पूर्वी जिथे पोहोचत होता तिथेच पोहोचतो आणि फेंडरला लागतो. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर ती कलंडण्याची भीती वाढते आणि प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडतात. म्हणून योग्य जागी फेंडर कापून आणि गरजेपुरता बंप स्टॉप वाढवून उंची कमीत कमी ठेवणे हा केवळ स्वस्तातला नव्हे, तर यांत्रिकदृष्ट्याही अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो, असे या मासिकाचे मत आहे.

योग्य जागा कोणती, हा प्रश्न डोळ्यांनी सुटत नाही. चाक वर जाताना सरळ रेषेत जात नाही, तर जोडदांड्यांच्या लांबीने ठरलेल्या कमानीत फिरते. जेकेच्या पुढच्या धुऱ्याचे दांडे चासीला धुऱ्याच्या मागे जोडलेले आणि धुऱ्याकडे उतरते असतात, त्यामुळे चाक दबू लागले की धुरा थोडा पुढे सरकतो आणि घासण्याची जागा कमानीच्या मध्यावरून ढळते. उलट १९८४ ते २००१ या काळात बनलेल्या जीप चेरोकीच्या एक्सजे पिढीत मागे पाट्यांची लीफ स्प्रिंग आहे. तिचे पुढचे टोक पक्के आणि मागचे टोक झुलत्या शॅकलवर असल्याने दाब पडून पाटे सरळ होऊ लागले की धुरा मागे जातो. जो कारागीर उभ्या गाडीकडे बघून दोन्ही बाजूंना सारखी गोलाई आखतो तो एका बाजूला विनाकारण पत्रा गमावतो आणि दुसऱ्या बाजूला टायर घासतच ठेवतो.

त्यामुळे मोजमापाच्या वेळी स्प्रिंग काढून धुरा जॅकवर घ्यावा, बंप स्टॉप टेकेपर्यंत तो वर उचलावा, त्यानंतर एक चाक पूर्ण वर आणि दुसरे पूर्ण खाली अशी स्थिती करावी, आणि पुढच्या चाकांसाठी या प्रत्येक स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून खडूने खुणा कराव्यात. टायर ग्राहक पुढे बसवणार असलेलाच हवा, कारण एकच आकडा छापलेल्या दोन कंपन्यांच्या टायरांची प्रत्यक्ष उंची वेगळी भरते. खुणेपलीकडे किमान दोन बोटांची मोकळीक ठेवावी. चिखल आणि अडकलेला दगड यांनाही जागा लागते. या सगळ्यात अर्धा दिवस सहज जातो आणि तो वाया गेला असे मानण्याची सवय या व्यवसायाने सोडली पाहिजे.

प्लास्टिकच्या फ्लेअरवर काम करताना वेगवान चकतीच्या उष्णतेने कड वितळते, म्हणून कमी वेग ठेवावा आणि कड कानस व सँडपेपरने साफ करावी. अमेरिकी बाजारातल्या जेकेच्या पुढच्या फ्लेअरमध्ये बाजूचा मार्कर दिवा असतो. तो कापण्याच्या रेषेत येत असेल तर त्याची नवी जागा आधी ठरवावी लागते. चाकाच्या कमानीतले आतले आच्छादनही अडचण म्हणून काढून टाकू नये, कारण इंजिनाच्या कप्प्यात चिखल आणि पाणी जाण्यापासून तेच वाचवते.

पत्र्याची गोष्ट निराळी आहे. एक्सजे चेरोकीला वेगळी चासी नाही. तिची बॉडी हीच तिची रचना आहे, आणि मागच्या चाकावर बाहेरचा व आतला असे दोन पत्रे कडेला एकत्र जोडलेले आहेत. ही जोडणीच कापली की दोन पत्र्यांमधली पोकळी उघडी पडते, तिच्यात चिखल साठतो आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून तिथे आडवी कापणी न करता ठरावीक अंतरावर उभ्या चिरा देऊन पत्रा हातोडीने आत दुमडण्याची आणि नंतर सीम सीलरने, म्हणजे सांधे बुजवणाऱ्या लवचीक लेपाने, पोकळी बंद करण्याची पद्धत रूढ झाली. डाव्या बाजूला इंधन भरण्याचे तोंड जवळच असल्याने ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून ते झाकणे आणि काचांवर ओली गोणपाटे टाकणे अनिवार्य आहे. कापलेल्या कडेवर कारखान्यातला संरक्षक थर उरत नाही. म्हणून कड गुळगुळीत करून जस्तयुक्त प्रायमर, सीलर आणि रंग या क्रमाने ती बंद करावी आणि रंग पूर्ण वाळण्याआधी रबरी पट्टी चढवू नये, कारण पट्टीखाली अडकलेली ओल पत्रा खाते. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत हे एका पावसाळ्यातही उघड होऊ शकते.

महाराष्ट्रातल्या वर्कशॉपांपुढे हा विषय आता केवळ परदेशी गाड्यांपुरता नाही. महिंद्रा थार नाशिकला तयार होते, आणि २०२१ पासून रँग्लरची जुळणीही रांजणगावला सुरू झाली. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने सलग धुऱ्याच्या जेकेवरचा आराखडा तिच्यावर जसाच्या तसा उतरवता येत नाही. चाक दबताना त्याचा कलही बदलतो, म्हणून मोजमाप नव्यानेच करावे लागते. त्याहून गंभीर बाब कायद्याची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा मालकाला होते, पण कापणारा हात वर्कशॉपचा असतो. ही माहिती लपवून घेतलेले काम प्रामाणिक नाही. टायर बदलणार असल्याचे आणि फेंडर कापणार असल्याचे जॉब कार्डवर लिहून त्यावर मालकाची सही घ्यावी, आणि त्याच कार्डावर मोजमापाची मजुरी कापण्याच्या मजुरीपासून वेगळी दाखवावी.