वीज स्वस्त हवी, आणि रात्रपाळीलाही हवी!



१९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत आली. पुढे याच विजेपायी मुळशीचा मावळ पाण्याखाली गेला. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वीज कुठून येते आणि तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न तेव्हापासून आपलाही आहे.

आज उन्हाची वीज स्वस्त झाली आहे. माळामाळावर सोलरच्या प्लेटा दिसतात, साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरतात. आम्ही त्यांचे स्वागत करतो. कोळशाचा धूर आणि राख आपल्याच भावांच्या छातीत जाते. कोळसा जितका कमी जळेल तितके बरे. पण सूर्य हा दिवसपाळीचा गडी! तो घरी जातो, नेमके तेव्हाच घरोघर दिवे लागतात. वारा भरात येतो तो पावसाळ्यात. इचलकरंजी-भिवंडीचे माग मात्र रात्रीही चालतात, आणि तिथे मजुरी कामावर मिळते. वीज गेली की माग थांबला, माग थांबला की मजुरी बुडाली. मालकाचे नुकसान वहीत लिहिले जाते. आपले चुलीवर दिसते.

मग करावे काय? ज्याला त्याला त्याच्या पाळीला लावावे. दिवसा सूर्याची वीज आधी घ्यावी. कोयनेचे संच काही मिनिटांत चालू होतात, पण तिच्या पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. ते पाणी भर दुपारी उधळू नये, संध्याकाळसाठी राखावे. घाटघरला २५० मेगावॅटचे केंद्र आहे. तिथे खालचे पाणी वर चढवतात आणि गरजेला पुन्हा खाली सोडतात. दुपारच्या जादा विजेवर अशी साठवण वाढवावी. मात्र गावाचे पुनर्वसन आधी, पाणी मागून! कोळशाचे बॉयलर तापायला तास न् तास लागतात, म्हणून ते एका दिवसात बंद करता येणार नाहीत. साठवण वाढेल तसतसे ते कमी करावेत.

आता पैशाचा हिशोब. बदली कामगार गेटवर उभा राहून परत गेला, तर त्याला दमडी मिळत नाही. पण करारातले वीजकेंद्र नुसते तयार उभे असले, तरी एक युनिट न काढता त्याला स्थिर आकार मिळतो. तो भरतो ग्राहक, म्हणजे आपणच. राखीव केंद्रे लागतात, हे आम्हाला मान्य आहे. पण किती, आणि कोणत्या भावाने? दाभोळचा एन्रॉनचा करार आठवा! ती महाग वीज राज्याच्या वीज मंडळाला परवडली नाही आणि २००१ साली केंद्र बंद पडले.

म्हणून आमची मागणी साधी आहे: करार उघडे करा, दिवसाच्या स्वस्त विजेचा फायदा गरिबाच्या बिलात दाखवा, आणि केंद्र बंद कराल तिथल्या कामगाराला आधी दुसरे काम द्या. वीज आयोगाची दरवाढीची जाहीर सुनावणी असते. तिथे मालकांचे वकील जातात. आता आपणही अर्ज घेऊन, एकजुटीने गेलेच पाहिजे!