सहलीचं वेळापत्रक सूर्यास्तापासून मागे मांडा



कार्तिकी अष्टान्हिका आटोपली की फाल्गुनातल्या अष्टान्हिकेपर्यंतचे दिवस आपल्या महिला मंडळांच्या सहलींचे. कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूरकडून बस निघते ती बहुतेक आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला. एक दिवस, पन्नासेक बायका, खासगी बस. आणि ठरवायच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं, “ज्यांचा रात्रीचा नियम आहे त्यांनी आपापला डबा आणावा.”

मला हे वाक्य पटत नाही. ऐकायला समजूतदार वाटतं, पण होतं काय? बाकीच्या रात्री नऊला हायवेवरच्या हॉटेलात जेवायला उतरतात आणि चार-पाच जणी बसमध्ये अंधारात खिडकीशी बसून राहतात. साडेपाचला धावत्या बसमध्ये मांडीवर डबा उघडून त्यांनी दोन घास खाल्लेले असतात. पुढच्या वर्षी त्या नाव देत नाहीत. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणतात. गुडघे एवढे काही दुखत नसतात, हे आपल्यालाही माहीत असतं. मंडळ जैन बायकांचं, आणि नियम पाळणारीलाच आपली अडचण होते असं वाटावं?

नियम एकेकीच्या डब्यात नको, सहलीच्या वेळापत्रकात हवा. आणि ते जमतं. जानेवारीत कोकणात सूर्य साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण संपवायचं तर साडेपाच ही शेवटची वेळ धरा आणि तिथून मागे मोजा. आंबा गावात, म्हणजे घाट चढून आल्यावर, पाचला पंगत बसवायची तर गणपतीपुळ्याहून दोनला निघायलाच हवं. किनाऱ्यावर तीन तास हवेत तर साडेनऊपर्यंत पोहोचायला हवं. म्हणजे कोल्हापूर पहाटे चारला सोडायचं. देवदर्शनाशिवाय तोंडात पाणी न घेणाऱ्या असतात, म्हणून बस बस्तीच्या दारातूनच सुटावी आणि पंडितांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. सूर्योदय सातच्या पुढे होतो, त्यामुळे हातखंब्याच्या आसपास आठला नाश्ता. घरी यायला साडेसात. दुसऱ्या दिवशी ज्यांना नोकरीवर जायचंय त्या तर आशीर्वाद देतील.

यावर सुनांची तक्रार ठरलेली, समुद्रावर जाऊन सूर्यास्तच पाहायचा नाही? खरी तक्रार आहे. पण नियम जेवणाचा आहे, सूर्यास्त पाहायचा नाही. ज्या मंडळाला तो हवा असेल त्यांनी मुक्कामाची सहल काढावी, पाचला जेवावं आणि निवांत वाळूत जाऊन बसावं. एका दिवसात सूर्यास्तही हवा आणि घरीही यायचं, मग रात्रीचा घाट आणि रात्रीचं जेवण दोन्ही गळ्यात पडतं.

आता तिथी. अष्टमी-चतुर्दशीला उपवास-एकाशनं असतात, त्या आपण टाळतोच. पण पंचांग समुद्रासाठीही बघा. मुंबईच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे पूर्ण भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी आठच्या आसपास. मग आपण किनाऱ्यावर असतो ते सगळे तास पाणी चढतं असतं. एकादशीला उलट, सव्वाआठनंतर पाणी बाहेर ओढायला लागतं आणि नेमक्या त्याच वेळी बायका-मुलं पाण्यात असतात. हिशेब रत्नागिरीकडे थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून तिथल्या माणसाला विचारूनच उतरायचं आणि भरती असो वा ओहोटी, घोट्याच्या पुढे जायचं नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही, तिथे माणसं बुडालेली आहेत. तृतीया, पंचमी चांगल्या. मधली चतुर्थी नको, त्या दिवशी गणपतीच्या दर्शनाची गर्दी असते.

जेवणाबद्दल थोडंच सांगते. ‘जैन जेवण मिळेल’ या पाटीवर विसंबू नका. कांदा-लसूण नसतो, पण भाजी बटाट्याची निघते, आणि सोलकढीत बहुतेक ठिकाणी लसूण असतोच. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बिनलसणाची शेंगाचटणी, गुळपोळी हे सगळ्यांसाठी एकत्रच करा, वेगळा डबा कुणाचाच नको. पीठ ताजं दळा. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवसांची असली तरी पन्नास जणींच्या स्वयंपाकाला आठवडाभर आधीचं पीठ कशाला? पाणी गाळून उकळून मोठ्या कळशांतून घ्या. उकळलेल्या पाण्याची मर्यादा २४ तासांची, आपली सहल त्याच्या आत संपते.

कुणी ज्येष्ठ म्हणतील, समुद्रस्नान ही तर लोकमूढता. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात नदी-समुद्राच्या स्नानाबरोबर वाळूचे ढीग रचणंही त्यात आहे, हे खरं. पण तिथे धर्म समजून, पुण्य म्हणून केलेल्या कृतीबद्दल बोललंय. नातवंडांनी केलेला वाळूचा किल्ला त्यात येत नाही. खेकड्यांची बिळं उकरणारी काठी मात्र हातातून काढून घ्या, आणि घोड्यावरची फेरीही नको. तिथे आपल्या मुलांना आपणच सांगायचं.

बस ठरवताना दर किलोमीटरवर की दिवसावर, टोल-पार्किंग कुणाकडे, हे लिहून घ्याच. आणि बारा ते दोन ड्रायव्हरदादांना जेवण आणि झोपायला सावलीची जागा द्या. पहाटे चारपासून गाडी चालवणारा तोच माणूस दुपारी आपल्याला घाट चढवून आणणार असतो.