कुटुंबप्रमुख आणि कॅस्केड

परवा अलोऱ्याहून काकूंचा फोन. आमच्या कॉलनीतल्या शेजारच्या काकू.
"काय रे, काकांबरोबर मलाही पाठवलंस होय?"

आधी काही कळेना. मग ट्यूब पेटली. कोळकेवाडी धरणाजवळच्या कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेले आम्ही आता कुठे कुठे पांगलोय. त्या सगळ्यांसाठी मी जँगोमध्ये एक छोटी साईट केली आहे. नाव, जुना क्वार्टर नंबर, सध्याचा पत्ता, बस. काका गेले म्हणून मी त्यांची नोंद काढली. आणि त्याबरोबर काकू, मुलं, सुना... अख्खं घर पुसलं गेलं!

चूक जँगोची नाही, माझी. मॉडेल लिहिताना मी एक 'कुटुंबप्रमुख' ठरवला आणि बाकीच्यांना फॉरीन कीने त्याला बांधून टाकलं. डोळ्यासमोर आमचं जुनं रेशनकार्ड होतं, दुसरं काय! गंमत म्हणजे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डासाठीसुद्धा घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली. माझं मॉडेल सरकारच्याही मागे.

मूळ नोंद गेली तर तिला जोडलेल्यांचं काय करायचं, हे पूर्वी सांगितलं नाही तर जँगो 'कॅस्केड' धरायचा, म्हणजे सगळेच जाणार. २०१७ च्या जँगो २.० पासून 'ऑन डिलीट' लिहावंच लागतं. मी सवयीने कॅस्केड लिहून मोकळा. बरं, पुसण्याआधी ॲडमिनने सगळ्यांची नावं दाखवून 'खात्री आहे ना?' असं विचारलंही होतं. न वाचताच मी 'हो' केलं.

कॅस्केड वाईट नाही. बिल रद्द झालं की त्यातल्या ओळींना काय अर्थ? पण माणसं म्हणजे बिलातल्या ओळी नव्हेत. मॉडेल हा निव्वळ तांत्रिक भाग आहे असं आपण म्हणतो, पण कोण कोणाशिवाय उरतं हे आपण तिथेच ठरवत असतो. तेही नकळत.

बॅकअप होता म्हणून वाचलो. आता प्रत्येकाची नोंद स्वतंत्र, नाती वेगळ्या टेबलात, कॅस्केडऐवजी 'प्रोटेक्ट'. आणि निधनाच्या तारखेचा एक रकाना. गेलेलं माणूस पुसायचं कशाला?

काकूंना फोन करून सांगितलं, "आलात परत." तर म्हणतात, "माझं माहेरचं नावही घाल रे. मी इथल्याच शाळेतली. वर्गातल्या मुली मला त्याच नावाने शोधतील."

तो रकानाच नव्हता! असो. आज रात्री आणखी एक मायग्रेशन.