हळदीच्या रानातली रोजंदार बाईही कर्मचारीच आहे!

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा विषय निघाला की गावातले मालक लोक म्हणतात, "ते मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचं. आपल्याकडं कुठं ऑफिस?" आपले काही कार्यकर्तेही तसंच समजतात. आम्ही ठामपणे सांगतो, हा समज खोटा आहे आणि तो फक्त मालकांच्या सोयीचा आहे.

या कायद्याचं मूळच खेड्यात आहे. १९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी ही कुंभार जातीची बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होती. तिनं गुज्जर घरातला बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ती सरकारचं काम करत होती, तरी मालक म्हणून सरकारनं जबाबदारी घेतली नाही. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. तिथून १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. जात आणि मालकी एकत्र आली की बाईचं काय होतं, हे दाखवणारी ही घटना आहे. आंबेडकरी चळवळीनं हा कायदा परका मानायचं कारणच नाही.

आता कुरुंद्याकडे या. वसमत तालुका हळदीचा. लागवड, खुरपणी, काढणी, वाळवण, सगळीकडे रोजंदार बाया. कायद्यानं रोजंदारीवरची, कंत्राटावरची, मानधनावरची, विनामोबदला काम करणारी अशी प्रत्येक बाई 'कर्मचारी' आहे. म्हणजे आशाताई आणि अंगणवाडी सेविकासुद्धा. मालकानं कामासाठी पुरवलेली गाडीही 'कामाचं ठिकाण' आहे. मुकादमानं गाडीत केलेली लगट ही 'गंमत' नाही, छळ आहे.

मालकांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लेखी आदेशानं अंतर्गत समिती नेमा. तिची अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बाया चालणार नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा हवा. दुसरं, कायद्याची माहिती सर्वांना दिसेल अशी लावा. तिसरं, पंच बसवून पैसे देऊन मिटवू नका. समेट फक्त बाईनं मागितला तरच, आणि तोही पैशावर होत नाही. चौथं, हे टाळलं तर ५० हजारांपर्यंत दंड आहे.

"लवकर उरका" हाही उपाय नाही. गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात २००९ साली तक्रारी झाल्या. समितीनं घाईत चौकशी केली, म्हणून २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं कारवाई रद्द करून चौकशी पुन्हा करायला लावली. चौदा वर्षं गेली! चौकशीची मुदत ९० दिवसांची आहे. तेवढ्यात दोन्ही बाजू नीट ऐकता येतात.

जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत किंवा तक्रार मालकावरच आहे, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार घ्यायला तालुक्यात नोडल अधिकारी असला पाहिजे. तीन महिन्यांत तक्रार द्यायची, अडचण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहून देणं समितीचं काम. बाई अनुसूचित जातीची आणि छळणारा सवर्ण असेल तर ॲट्रॉसिटी कायदाही लावायला लावा. नकोसा स्पर्श आणि अश्लील बोलणंही त्यात गुन्हा आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली. ज्याला बाईच्या श्रमाचा फायदा होतो त्यानं तिची जबाबदारीही घ्यावी, हा त्यामागचा विचार. आमचं म्हणणं आजही तेवढंच आहे. १४ एप्रिलला मिरवणूक काढणाऱ्या पोरांनो, आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. हिंगोलीच्या समितीत कोण आहेत, वसमतचा नोडल अधिकारी कोण, हे विचारा. आलेली नावं गावच्या चौकात मोठ्या अक्षरात लावा.

जय भीम!