वाघ दिसला का?

ताडोब्याहून आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "वाघ दिसला का?" नाही म्हणावं तर समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू घरातलं कुणी नापास झालंय! आणि हो म्हटलं की लगेच, "फोटो दाखव."

हे 'फोटो दाखव' मला हल्ली फार खटकतं.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली होती. व्हिडिओ सगळीकडे फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइड निलंबित झाले. ठीकच झालं. पण अशा गाड्यांत उभं राहून "दादा, अजून थोडी पुढे घ्या ना" म्हणणारे कोण असतात? आपणच की! गाइड बहुतेक जंगलालगतच्या गावातला. वाघ दिसला तर टीप बरी मिळते, नाही दिसला तर गेटवर उतरताना पाहुणे त्याच्याकडे बघतही नाहीत. मग त्याने गाडी मागे का ठेवावी?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाइडने एका पाणवठ्याजवळ इंजिन बंद करायला लावलं. चितळ ओरडलं. "चितळ कशालाही घाबरतं," तो हळूच म्हणाला, "झाडावरून वानर ओरडलं तर खरं. त्याला वरून दिसतं." थोड्या वेळाने वानरही खाकरल्यासारखं ओरडलं... एकदा, दोनदा. मग सगळं शांत. वीसेक मिनिटं कुणी बोललं नाही. वाघ काही बाहेर आला नाही. तो तिथेच कुठेतरी गवतात होता आणि त्याला यायचं नव्हतं, बस्स. मला तर ही सफारी आधीच्या तिन्हींपेक्षा जास्त आवडली. मागच्या सीटवरचे काका मात्र "पैसे फुकट गेले" म्हणत राहिले. असो.

माझा साधा उपाय सांगतो. टीप गेटवर, गाडीत बसतानाच द्यायची. आणि सांगून टाकायचं, वाघ नाही दिसला तरी चालेल, गाडी कुणाच्या वाटेत घालू नका. चालक आधी चक्रावतो, पण मग गाडी निवांत चालते आणि गाइड पक्षीही दाखवायला लागतो.

तर, फोटो मागणाऱ्या समस्त नातेवाइकांसाठी : चार चितळं, एक सर्पगरुड आणि एक धूसर शेपटी आहे. शेपटी वानराची आहे.